चेक इंजिनचा दिवा, बाबा आणि सव्वीसशे रुपयांचा कोड रीडर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी रत्नागिरीहून कोल्हापूरला नेत होते. साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायला लागलो आणि चार-पाच वळणांवरच गाड्यांची रांग लागलेली दिसली. वर दरडीची माती रस्त्यावर आली होती, जेसीबी ती बाजूला करत होता. पाऊस असा की काच बोटभरही खाली करता येईना, म्हणून इंजिन आणि एसी चालूच ठेवला. अर्धा तास गाडी जागची हलली नाही. रांग सुटायच्या जरा आधी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला.

तेलाचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं, एवढं बाबांनी शिकवलं होतं. पिवळ्याचं काही ठाऊक नव्हतं. आवाज नेहमीचाच होता, पिकअपही बरा होता, म्हणून मलकापूरपर्यंत जीव मुठीत धरून गेले आणि पुढे कोल्हापूरही गाठलं. नंतर कळलं ते इथेच सांगते, कारण घाटात उभ्या असलेल्या माणसाला हेच आधी हवं असतं. दिवा स्थिर असेल तर सावकाश चालवत ठिकाणावर जाऊन तपासणी करता येते. दिवा उघडमीट करत असेल तर इंजिन मिस मारतंय. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो महागडा भाग तापून खराब होतो. अशा वेळी लगेच वेग कमी करायचा आणि शक्य तितक्या लवकर थांबायचं.

रत्नागिरीला परतल्यावर गाडी गॅरेजला दाखवली. तिथल्या मुलाने स्टिअरिंगखाली टॅब्लेटची वायर लावली आणि दोन मिनिटांत म्हणाला, "ताई, ऑक्सिजन सेन्सर गेलाय." सेन्सर आणि मजुरी धरून ४,२०० रुपये झाले. नवव्या दिवशी पालीला चहासाठी थांबले होते. आई गाडीतच होती म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं, आणि तिथे दिवा पुन्हा लागला. गॅरेजमध्ये जाऊन विचारलं, "मागच्या वेळी कोड कोणता आला होता?" तो म्हणाला, "नंबर लक्षात नाही ताई. सेन्सर बदलल्यावर इरेज केला ना."

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना बजावतो की वाचन आधी वहीत उतरवा, मग काचसामान धुवा. इथे वाचन कुणीच लिहिलं नव्हतं. ४,२०० रुपयांपेक्षा ते मनाला जास्त लागलं. त्याच रात्री ठरवलं की गाडीने नोंदवलेल्या दोषाचा नंबर, म्हणजे कोड, वाचायचं यंत्र आपलं स्वतःचं असायला हवं.

सर्वात आधी आमच्या गाडीला असं यंत्र चालेल का, ते बघायचं होतं. भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ ही स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. आमची पेट्रोल हॅचबॅक २०१४ ची. बाबांनी ती पुण्याहून घेतली होती, आणि बीएस-४ आधी लागू झालेल्या १३ शहरांत पुणे होतं. आरसी बुकावर बीएस-४ दिसलं आणि जीव भांड्यात पडला. स्टिअरिंगखाली हात घातला तर १६ खाचांचं, समलंब चौकोनी सॉकेट लागलं. पण सॉकेट आहे म्हणजे यंत्र बोलेलच असं नाही. शेजाऱ्यांच्या २००९ च्या गाडीला अगदी तसंच सॉकेट आहे, आणि माझा रीडर त्याला लावला तर 'लिंक एरर' यापुढे काही येत नाही. सॉकेटचा आकार तोच, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची. जुन्या गाडीवाल्यांनी हे विकत घ्यायच्या आधीच तपासावं, शक्यतो कुणाचा तरी रीडर लावून.

ऑनलाइन पाहिलं तर ३०० रुपयांपासून ५०,००० रुपयांपर्यंत सगळं मिळत होतं. पहिल्यांदा मी ३५० रुपयांचा निळा ब्लूटूथ डोंगल मागवला. काडेपेटीएवढा प्लास्टिकचा तुकडा, वर 'ईएलएम ३२७, व्हर्जन २.१' लिहिलेलं. सॉकेटला लावायचा, फोनवर ॲप घ्यायचं. जोडणी तिसऱ्या प्रयत्नाला झाली आणि कोड दिसला: पी ०१७१. त्या क्षणी फार बरं वाटलं. मग इंजिन चालू ठेवून आकडे पाहायला गेले, तर एक आकडा बदलायला दोन-तीन सेकंद लागायचे आणि मिनिटाभरात जोडणीच तुटायची. चार संध्याकाळी मी त्याच्याशी झगडले.

या डोंगलमागची गोष्ट वाचली तेव्हा कारण समजलं. ईएलएम ३२७ ही मुळात कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची चिप. गाडीच्या वेगवेगळ्या भाषा एका साध्या भाषेत आणणारी दुभाषी म्हणा. तिच्या पहिल्या आवृत्तीतला प्रोग्रॅम कुलूपबंद केलेला नव्हता, त्यामुळे तो उचलला गेला आणि नकला बाजारभर पसरल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला अजून बनतच आहेत. वर छापलेल्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. '२.१' लिहिलेल्या कित्येक नकलांना जुन्या आवृत्तीच्या आज्ञासुद्धा पुऱ्या कळत नाहीत. सगळे डोंगल वाईट असतात असं मी म्हणणार नाही. दोन-अडीच हजारांतले चांगले ब्लूटूथ ॲडॅप्टर झटपट चालतात, फोनवर आलेख काढतात, नोंद साठवतात. आयफोनवाल्यांनी मात्र लो एनर्जी ब्लूटूथचा किंवा वायफायचा बघून घ्यावा, जुन्या ब्लूटूथचा आयफोनशी जुळत नाही. माझा डोंगल मी परत केला. तोवर एक गोष्ट स्पष्ट झाली होती. कोड तर ३५० रुपयांतही वाचता येतो, पण मला त्यापुढचं काहीतरी हवं होतं.

पी ०१७१ म्हणजे 'सिस्टिम टू लीन, बँक १', मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. या कोडची रचनाही समजून घेतली. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी बॉडी, सी चासी, यू आतलं नेटवर्क. दुसऱ्या जागी शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा खास. पण 'पेट्रोल कमी' हे झालं लक्षण. रुग्णाला ताप आहे एवढंच थर्मामीटर सांगतो, तसं. कारण हवागळती असेल, पंप कमी दाब देत असेल, इंजेक्टर चोंदला असेल, हवा मोजणारा सेन्सर घाण झाला असेल. त्यातलं कोणतं ते कोड सांगत नाही. गॅरेजच्या मुलाने काय केलं असेल ते तेव्हा लक्षात आलं: हा कोड ऑक्सिजन सेन्सरच्या वाचनावरून येतो, म्हणून त्याने सेन्सरच बदलला.

मग मी यादी केली ती यंत्रांची नाही, मला पडणाऱ्या प्रश्नांची. दिवा लागला त्या क्षणी गाडी काय करत होती? याचं उत्तर 'फ्रीझ फ्रेम' देते. कोड नोंदताना इंजिनाचा वेग, गाडीचा वेग, पाण्याचं तापमान, लोड, हे सगळं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, एका चौकटीत गोठवून ठेवतो. कोड पुसला की तीही पुसली जाते. दिवा लागायच्या आधीच काही शिजतंय का? त्यासाठी 'पेंडिंग कोड'. असे बरेच दोष एका प्रवासात नुसते टिपले जातात आणि लागोपाठच्या दुसऱ्या प्रवासात पुन्हा आढळले तरच दिवा लागतो. आत्ता, इंजिन चालू असताना, पेट्रोल किती वाढवलं जातंय? त्यासाठी 'लाइव्ह डेटा', आणि त्यात 'फ्युएल ट्रिम' हवेतच. दुरुस्तीनंतर ईसीयूने आपल्या चाचण्या पुन्हा पूर्ण केल्या का? त्यासाठी 'रेडिनेस'. या चारांपैकी एक जरी नसेल तर ते यंत्र बाद.

एवढं ठरवल्यावर निवड भराभर झाली. हातात धरायच्या, स्क्रीनवाल्या, वायरच्या रीडरमध्ये बाराशे-पंधराशेचे बरेच नुसते कोड वाचतात आणि पुसतात. पाकिटावर 'सर्व गाड्यांसाठी' असं ठळक छापलेलं असतं, फ्रीझ फ्रेमचा पत्ता नसतो. म्हणून मी जाहिरात न वाचता प्रत्येकाची माहितीपुस्तिका उतरवून घेतली आणि मेन्यूच्या चित्रांत हे चार शब्द शोधले. हे काम कंटाळवाणं आहे, पण पैसे यातच वाचतात. दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस हजारांच्या वरचे टॅब्लेट होते. ते एबीएस, एअरबॅग सगळं वाचतात, काही भाग हुकमाने चालवूनही दाखवतात. मोह झाला. पण आमची एकच गाडी आणि वर्षातून फार तर एखादा दिवा. त्या पैशात गॅरेजला कितीदा तरी स्कॅन करून होईल.

चांगला ब्लूटूथ ॲडॅप्टर की वायरचा रीडर, यावर मात्र बरेच दिवस अडले. शेवटी बाबांकडे बघून ठरवलं. बाबा ७४ वर्षांचे, आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून कोणतं बेअरिंग वाजतंय ते सांगायचे. फोनच्या ॲपमध्ये त्यांना रस नाही, ठळक अक्षरांच्या स्क्रीनमध्ये आहे. शिवाय वायरच्या रीडरला चार्जिंग लागत नाही, सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या खाचेतून बॅटरीचा पुरवठा त्याला थेट मिळतो. (त्याच कारणाने कोणतंही यंत्र सॉकेटला लावून दिवसेंदिवस ठेवू नये. इग्निशन बंद असलं तरी ती खाच जिवंत असते आणि बॅटरी हळूहळू उतरते.) २,६०० रुपयांचा रीडर घेतला.

तो आला त्या रविवारी पावसाने उघडीप दिली होती. गाडी शेडमधून बाहेर अंगणात काढली. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून कधीच काम करू नये, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी काहीही न पुसता फ्रीझ फ्रेम वहीत उतरवली. गाडीचा वेग शून्य. इंजिन ७८० आरपीएम. पाणी ९१ अंश. लाँग टर्म ट्रिम अधिक २१. मी बाबांना म्हटलं, "बाबा, वेग शून्य आहे. गाडी उभी होती तेव्हाच दिवा लागलाय." ते म्हणाले, "पालीला उभीच होती ना. आणि घाटात?" घाटातही उभीच होती, अर्धा तास. दोन्ही वेळा आम्ही चढाला, पावसाला दोष देत होतो, आणि चढाचा काही संबंधच नव्हता.

आता फ्युएल ट्रिमबद्दल नीट सांगते, कारण माझ्या लेखी सगळं इथे आहे. ईसीयूकडे किती हवेला किती पेट्रोल हा हिशेब मांडलेला असतो. ऑक्सिजन सेन्सर धुरातला उरलेला ऑक्सिजन बघून हिशेब चुकतोय का ते कळवतो. क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, आणि सवयीची झालेली दुरुस्ती म्हणजे लाँग टर्म. अधिक म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, उणे म्हणजे कमी करावं लागतंय. दहा टक्क्यांच्या आत इकडे-तिकडे चालतं. आमचा २१ होता. इंजिन रेस करून २,५०० वर धरलं तर तो ६ वर आला. सोडलं, पुन्हा २१.

बाबा हे ऐकून गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पंप जात असता तर रेस केल्यावर वाढला असता." बरोबर होतं. पंप किंवा फिल्टर कमी पडत असेल तर जास्त मागणीला तो उघडा पडतो. इथे उलट होतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यात फटीतून आलेली हवा मोठा वाटा होते. रेस केल्यावर एकूण हवा कितीतरी पट होते आणि तीच फट किरकोळ ठरते. म्हणजे कुठेतरी हवा ओढली जात होती.

एक खुलासा मात्र हवा. आमच्या गाडीत फिल्टरच्या डब्यापाशी मास एअर फ्लो सेन्सर आहे, तो आत जाणारी हवा ग्रॅम प्रतिसेकंदात मोजतो. त्याच्या पुढे शिरलेली हवा मोजणीतून सुटते, म्हणून मिश्रण पातळ होतं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत हा सेन्सर नसतो, त्याऐवजी मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला, दाब मोजतात. तिथे फटीतून आलेली हवाही दाबात धरली जाते, त्यामुळे ट्रिम एवढी चढत नाही, उलट आयडल वाढतं. आपल्या गाडीत काय आहे ते लाइव्ह डेटाच्या यादीत दिसतं. माझं वाचून कुणी थेट पाइप शोधायला लागण्याआधी ती यादी बघावी.

बाबांनी आधी नव्या ऑक्सिजन सेन्सरची बसवणूक तपासली. तिथून बाहेरची हवा धुरात मिसळत असेल तरी सेन्सर फसतो. इंजिन थंड असताना पान्याने बघितला, घट्ट होता. मग इंजिन चालू केलं. मी सीटवर रीडर घेऊन, ते बॉनेटखाली. कितीतरी लोक कार्ब क्लीनरचा फवारा मारून फट शोधतात, पण तो पेट घेतो आणि खाली सायलेन्सर तापलेला असतो, म्हणून बाबांनी त्याला साफ नकार दिला. ते एकेक रबरी पाइप चिमट्याने अलगद दाबत होते आणि मी आकडा ओरडून सांगत होते. ब्रेक बूस्टरचा पाइप, काही फरक नाही. पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरचा पाइप, नाही. मग थ्रॉटल बॉडीच्या मागे जाणारा पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा) पाइप दाबला आणि माझ्यासमोर शॉर्ट टर्म तीनवरून सरकत शून्य, उणे सात, उणे पंधरा झाला. "बाबा, तोच! धरून ठेवा!" लाँग टर्म अजून २१ वरच होता, कारण ती सवय लगेच जात नाही. पण शॉर्ट टर्म ते जादा पेट्रोल भराभर कापत होता. इंजिनाचा आवाजही गुळगुळीत झाला. बाबांनी पाइप सोडला, आकडा परत चढला. पुन्हा दाबला, पुन्हा उतरला. प्रयोगशाळेत इतकं स्वच्छ वाचन मला क्वचितच मिळालंय.

पाइप काढला तर वरून अगदी धडधाकट. वळणाच्या खालच्या अंगाला तेलाने मऊ पडून बोटभर चीर गेली होती. वरून बघणाऱ्याला ती दिसणंच शक्य नव्हतं. नवा पाइप २८० रुपयांना मिळाला, दोन क्लिपा जुन्याच वापरल्या. काढलेला ऑक्सिजन सेन्सर बिचारा पहिल्यापासून खरं तेच सांगत होता.

कोड त्यानंतरच पुसला. पुसल्यावर रेडिनेसच्या चाचण्या 'अपूर्ण' दाखवायला लागल्या, ते अपेक्षितच असतं. त्या पुऱ्या व्हायला थंड इंजिनापासून सुरुवात, थोडं आयडल, थोडा शहरातला आणि थोडा एका वेगाने मोकळ्या रस्त्यावरचा प्रवास लागतो. हातखंबा, पाली, नाणीज अशा तीन-चार फेऱ्या झाल्यावर इव्हॅप (पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेची चाचणी) सोडून सगळ्या पूर्ण झाल्या, आणि तीही पुढच्या आठवड्यात झाली. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर हे जरूर बघावं. दिवा बंद आहे पण सगळ्या चाचण्या अपूर्ण आहेत, तर कोड नुकताच पुसलाय किंवा बॅटरी काढलीय, आणि त्याचं कारण विचारायला हवं.

लाँग टर्म आता ५ च्या आसपास स्थिरावला. शून्य का नाही, म्हणून बाबा अस्वस्थ होते. त्यांना मी पेट्रोलचं गणित मांडून दाखवलं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला ९, कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. आता पंपावर मिळतं त्या वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला हे प्रमाण १३.५ च्या जवळ येतं, दहा टक्क्यांच्या मिश्रणाला १४.१. म्हणजे दहा टक्क्यांच्या मिश्रणाच्या तुलनेत तेवढ्याच हवेला चार-साडेचार टक्के पेट्रोल जास्त घालावं लागणार. २०१४ ची गाडी जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने बनलेली, ती ही भर ट्रिममधूनच घालणार. बाबांनी कागद दोनदा वाचला आणि वहीत आकड्यासमोर 'इथेनॉल' लिहिलं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी ते थंड आणि गरम इंजिनाचे ट्रिम लिहितात.

ऑक्टोबरात एबीएसचा दिवा लागला. माझा रीडर तिथे मुका आहे, घेतानाच माहीत होतं. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये मोठा स्कॅनर आहे, तिथे गेले. आधीच सांगितलं, "भाऊ, काहीही पुसायच्या आधी मला स्क्रीन दाखवा." त्यांनी आनंदाने टॅब्लेट माझ्याकडे फिरवला. मागच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट तुटलेलं होतं. चाकाजवळ बघितलं तर उंदराने वायर कुरतडलेली. पावसाळाभर गाडी शेडमध्ये राहिली की आमच्याकडे हे होतंच. वायर जोडून, वर आवरण घालून, स्कॅनिंगचे ५०० धरून ९०० रुपये झाले. कोडचा नंबर मी तिथेच उभ्या उभ्या वहीत उतरवून घेतला, पीसीव्ही पाइपच्या नोंदीखाली.